पाखरांचा जमाखर्च : डॉ. सलीम अली

थोर पुरुषांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यांचा एक साचा ठरून गेलेला असतो. लहानपणीच बुद्धीची चमक दिसते, परीक्षांमध्ये पहिला क्रमांक येतो, पुढे विलायतेची मोठी पदवी मिळते आणि मग कीर्ती आपल्या पायांनी चालत घरी येते. डॉ. सलीम अली यांचे चरित्र या साच्यात बसत नाही. पहिल्याच वर्षी अडखळलेले कॉलेज, ब्रह्मदेशात बुडालेला धंदा, हाती येऊन गेलेली नोकरी आणि ऐन उमेदीत ओढवलेला पत्नीवियोग, असा त्यांचा पूर्वार्ध आहे. त्यांच्या नावामागचे ‘डॉक्टर’ हे बिरुदसुद्धा विद्यापीठांनी त्यांना मागाहून सन्मानाने दिलेले आहे. आणि तरीही भारतातील पक्ष्यांविषयी कोठेही काही बोलायचे झाले, तर त्या माणसाच्या नावावाचून पुढे जाता येत नाही. हे कसे घडले, हे पाहणे आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही उद्बोधक ठरेल. कारण यात प्रयोगशाळा फारशी नाही. दुर्बीण, वही आणि पेन्सिल एवढाच सरंजाम आहे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होतात न होतात तोच वडील गेले, तिसऱ्या वर्षी आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा खेळ झाला. आज आपल्याला हे वाचून कसेसेच वाटते. पण भारतातील पक्षिसंरक्षणाचा उगम अशा एका बंदुकीत आहे, हे नाकारून चालणार नाही.

या वयातली एक हकीकत मोठी बोलकी आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत बसे, नर बाहेर पहारा करी. सलीमने तो नर टिपला. थोड्याच वेळात त्या मादीजवळ दुसरा नर येऊन बसला. तोही टिपला, तेव्हा तिसरा आला. सात दिवसांत असे आठ नर पडले, आणि मुलाने ते सारे एका कागदावर टिपून ठेवले. लिहिताना त्याच्या मनात शिकारीची फुशारकीच असणार. परंतु साठेक वर्षांनी तीच टिपणे एका पक्षिविषयक वार्तापत्रात छापली गेली, तेव्हा ती शिकारीची नोंद राहिली नव्हती. चिमण्यांच्या वर्तनाची नोंद झाली होती. जे दिसले ते तारखेनिशी लिहून ठेवले, तर त्याचा अर्थ पुढे केव्हातरी उलगडतो. लिहिलेच नाही, तर तो कधीच उलगडत नाही. सलीम अलींच्या पुढच्या ऐंशी वर्षांचे सार या एका कागदात आले आहे.

अशाच एका शिकारीत गळ्यावर पिवळा डाग असलेली वेगळीच चिमणी हाती लागली. ही खाण्यास चालेल की नाही, असा प्रश्न पडला. मामांना उत्तर देता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. या संस्थेची स्थापना १८८३ मधली. तिच्या आठ संस्थापकांत सहा युरोपीय होते आणि दोन आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. प्रार्थना समाजाच्या इतिहासात ज्यांचे नाव आपण वाचतो तेच हे आत्माराम पांडुरंग. संस्थेचे तेव्हाचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी या बुजऱ्या पोराला परत लावून दिले नाही. त्यांनी पक्षी ओळखून दिला, आणि मग कपाटाचे खण एकामागून एक उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी त्याच्यापुढे मांडले. वाचायला पुस्तके दिली, कातडे जतन करण्याची रीत शिकण्याची सोय करून दिली. एखाद्या मोठ्या माणसाने लहानाच्या प्रश्नाला दिलेली अर्ध्या तासाची किंमत पुढे केवढी होऊन बसते, याचे हे उदाहरण आपल्या प्राध्यापकवर्गानेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पण चमत्कार होऊन सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. १९१३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले, ते पहिल्याच वर्षी सुटले. घरच्यांचा ब्रह्मदेशात तव्हॉय येथे वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. तो सांभाळायला या तरुणाची रवानगी झाली. भोवती घनदाट रान आणि रानात पाखरे. धंद्याकडे लक्ष कितपत राहिले असेल, हे सांगायला नको. १९१७ मध्ये परत येऊन त्यांनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी यांचा अभ्यास केला. त्याच वेळी झेवियर्समधील फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचे धडेही घेतले. हिशेबनिशी त्यांना पोटापाण्यासाठी उपयोगी पडली नाही. परंतु पुढे त्यांनी जन्मभर पाखरांचा जो जमाखर्च ठेवला, त्याची शिस्त पाहिली की ती विद्या अगदीच वाया गेली असे म्हणवत नाही. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा धंदा, आणि अखेर धंद्याचे दिवाळे. मुंबईला परतले तेव्हा हातात काही नव्हते. पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा मिळेना, कारण पदवी नव्हती.

१९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना नोकरी लागली. दोन वर्षांत त्यांना आपले ज्ञान अपुरे वाटू लागले. रजा घेऊन ते बर्लिनला गेले. तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रोफेसर एर्विन स्ट्रेसमान हे पक्षिशास्त्राचे मोठे पंडित होते. सलीम अलींनी त्यांना जन्मभर गुरू मानले. मेलेल्या पक्ष्याच्या पिसांपलीकडे जिवंत पक्ष्याकडे पाहावे, तो काय खातो, कोठे घरटे करतो, केव्हा येतो नि केव्हा जातो हे शोधावे, ही दृष्टी त्यांना तेथे मिळाली. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचे तंत्रही त्यांनी जर्मनीतच, हेलिगोलँड बेटावर पाहिले. १९३० मध्ये एवढी शिदोरी घेऊन ते परतले, तर म्युझियममधली जागा पैशाअभावी रद्द झालेली!

चौतिसाव्या वर्षी बेकार झालेला हा गृहस्थ पत्नीसह अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या घरी राहायला गेला. तेथे जवळच सुगरणीची वसाहत होती. पावसाळाभर ते तासन्‌तास घरट्यांकडे पाहत बसले. सुगरण म्हटले की आपल्याला बहिणाबाई आठवतात. त्यांच्या कवितेतली सुगरण ही पिलांसाठी जीव झाडाला टांगणारी आई आहे, आणि आपल्या भाषेने त्या पाखराला नावही कुशल गृहिणीचेच दिले आहे. सलीम अलींना दिसले ते निराळे होते. घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले, शिरस्त्राणासारखा आकार आला, की माद्या पाहणीला येतात. पसंत पडले तर मादी त्यात घर करते, मग नर उरलेले काम पुरे करतो. ती अंडी उबवायला बसली की हे महाशय शेजारी दुसरे घरटे विणायला घेतात आणि तेथे दुसरी मादी येते. यामुळे बहिणाबाईंच्या कवितेला उणेपणा येत नाही, कारण तिथले सत्य आईपणाचे आहे. पण या दोन सत्यांमधला फरक कळण्यासाठी कुणीतरी ऋतुभर एका झाडाखाली बसावे लागते, हेही तितकेच खरे. हा निबंध सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्या बेकारीच्या काळातच सलीम अलींचे नाव जाणकारांत झाले.

नोकरी नाही तर नाही, आपले काम आपणच उभे करावे असे त्यांनी ठरवले. संस्थानिकांपुढे त्यांनी एक योजना ठेवली : तुमच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी मी मोबदला न घेता करून देतो, मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा तुम्ही सोसा. पहिली पाहणी हैदराबाद संस्थानची, १९३१-३२ मध्ये झाली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. मागून त्रावणकोर आणि कोचीन, मग भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, धार असा आपल्या शेजारचा मध्य भारत, पुढे बहावलपूर, म्हैसूर, कच्छ, ओरिसा. बैलगाडी, तंबू, कंदील आणि पहाटेची पायपीट. दिवसभर फिरायचे, रात्री नमुने नीट करायचे आणि टिपणे उतरवायची. मुक्कामाची सारी व्यवस्था तेहमिनाबाई पाहत. सुखवस्तू घरात वाढलेल्या या बाईंनी रानातला संसार हसतमुखाने केला. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या अचानक वारल्या. मूलबाळ नव्हते. सलीम अली बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी राहायला आले आणि त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. चरित्रग्रंथांत अशा बाईंच्या वाट्याला दोन ओळी येतात. पण ज्या पाहण्यांवर त्यांच्या पतीची कीर्ती उभी आहे, त्यांतील कित्येकींत त्यांचा वाटा होता.

दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ प्रसिद्ध झाले. रंगीत चित्रे आणि सोपी भाषा यांमुळे साहेबाच्या बंगल्यात आणि म्युझियमच्या कपाटात असलेले पक्षिशास्त्र सामान्य माणसाच्या खिशात आले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह केलेला दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात निघाला. पहिल्या खंडाच्या वेळी सलीम अली सत्तरी ओलांडून गेले होते.

स्वातंत्र्यानंतर सोसायटीचे आश्रयदाते इंग्रज निघून गेले, तेव्हा संस्था मोडकळीस येण्याची वेळ आली. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन तिला सरकारी मदत मिळवून दिली. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. निमित्त होते कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये आढळलेल्या रोगाचे. उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडींवाटे त्याचे विषाणू आणतात की काय, अशी शंका होती. पुढे या कामात अमेरिकी सैन्याच्या एका विभागाचा पैसा आल्यामुळे सत्तरच्या दशकात संसदेपर्यंत गदारोळही झाला. पण हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर उतरणारी बदके सैबेरिया आणि मध्य आशियातून येतात, हे ऐकीव ज्ञान पायातल्या त्या हलक्या कड्यांनी पुराव्याचे केले.

सलीम अलींचे सगळेच बरोबर होते, असे म्हणणे त्यांच्याच शिस्तीला सोडून होईल. भरतपूरचे केवलादेव सरोवर त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचे. संस्थानिकांच्या बदकशिकारीची ती जागा पक्ष्यांसाठी राखली जावी म्हणून त्यांनी आपले वजन खर्चले. तेथे गुरे चरू देऊ नयेत, असे त्यांच्यासह अनेक तज्ज्ञांचे मत होते. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये चराई बंद झाली, गावकरी आणि पोलीस यांच्यात चकमक झाली आणि त्यात काही गावकऱ्यांचे प्राण गेले. आणि पुढे खुद्द सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून निघाले काय, तर म्हशी चरत असल्यामुळेच पाण्यातले गवत आटोक्यात राहत होते. त्या गेल्यावर गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली. गेलेली माणसे या निष्कर्षाने परत येणार नव्हती. परंतु आपल्याच वडीलधाऱ्यांचे मत चुकीचे ठरवणारी आकडेवारी त्या संस्थेने दडवली नाही, ही गोष्टही विसरता येत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या विदर्भाच्या अगदी जवळचे आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झाले आणि १८८४ नंतर त्याचा पत्ता लागेना. कर्नल माइनर्टझहागेन या नामांकित इंग्रज पक्षितज्ज्ञाने तापीकाठी १९१४ मध्ये तो मिळवल्याचा दावा केला होता. हेच कर्नल १९३७ मध्ये सलीम अलींबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर होते. त्या नोंदीवर विसंबून शोधणारे हात हलवत परतले. पुढे उघडकीस आले की कर्नलसाहेबांनी म्युझियममधून जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. ती खोटी नोंद बाजूला सारून, खानदेशातल्या एकोणिसाव्या शतकातील खऱ्या नोंदींच्या आधाराने अमेरिकन अभ्यासक पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी शहाद्याजवळच्या रानात गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा समोर बसलेला दिसला. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला. सलीम अली तोपर्यंत हयात नव्हते. एका खोट्या चिठ्ठीने पिढ्यांची दिशाभूल झाली आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका खऱ्या चिठ्ठीने वाट दाखवली, हे पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, त्याच सुमारास गेटी पारितोषिक, १९८५ मध्ये राज्यसभेचे सभासदत्व असे मान त्यांना मिळत गेले. गेटी पारितोषिकाचा पैसा त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीत घातला. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली बुडू नये म्हणून त्यांनी शब्द टाकला आणि १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय पक्षी म्हणून त्यांनी पुरस्कार केला होता तो माळढोकाचा. १९६३ मध्ये मान मिळाला मोराला. आज माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे, तेव्हा त्या आग्रहामागचे दूरदर्शित्व कळते. मोटारसायकलचा त्यांना भारी षोक. १९५० मध्ये स्वीडनच्या पक्षिपरिषदेसाठी ते आपली गाडी बोटीतून युरोपात घेऊन गेले होते. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे आत्मचरित्र १९८५ मध्ये आले. २० जून १९८७ रोजी, सुगरणी घरटी विणायला घेतात त्या दिवसांत, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षीच्या जानेवारीत भारतात आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली होती. दर हिवाळ्यात ठरलेल्या तळ्यांवर जाऊन पक्षी मोजायचे, एवढेच तिचे स्वरूप. अशा कामाला बाहेरून पाहणारा हसतो. बदके मोजून काय मिळते? याचे उत्तर गिधाडांनी दिले. भरतपूरला सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडांची मोजदाद करून ठेवली होती. १९९६-९७ मध्ये त्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा घरटी ओस पडलेली दिसली. थोड्याच वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली पाचही उरली नाहीत. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याचे कारण निघाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आधीची वही नसती, तर गिधाडे कमी झाल्यासारखी वाटतात, एवढेच म्हणत आपण बसलो असतो.

नागपूरला ही परंपरा परकी नाही. आपल्या अजब बंगल्यातल्या संग्रहालयात काम करणारे ई. ए. डी’अब्रू यांनी मध्य प्रांतातील पक्ष्यांची यादी १९३५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. नवेगावबांधच्या रानात मुरलेले आणि नागपुरात दीर्घकाळ राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांना मराठी साहित्यात घर दिले. ते जून २०२५ मध्ये गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून मान्य केला आहे. गोंदियाच्या धानशेतीत उरलेल्या मोजक्या सारसांची गणती दर उन्हाळ्याअखेर होते. सारसाने शेतात घरटे केले की त्याची खबर शेतकरीच आधी देतो, आणि त्याचे मन राखल्यावाचून ते घरटे राहत नाही, हा भरतपूरचा धडा तेथे उपयोगी पडतो.

आपल्यापैकी पुष्कळांना अंबाझरी आणि फुटाळा ही संध्याकाळी फिरायला जाण्याची ठिकाणे म्हणून ठाऊक आहेत. हिवाळ्यात त्याच पाण्यावर, आणि पलीकडे गोरेवाड्याला, काळ्या अंगाचा नि पांढऱ्या कपाळाचा वारकरी दिसतो, क्वचित चक्रवाकाची जोडी उतरते. यंदा किती आले, गेल्या वर्षी किती होते, कोणत्या तारखेला आले, हे लिहून ठेवायला पदवी लागत नाही, वशिला लागत नाही. एक वही लागते, थोडे पहाटे उठावे लागते आणि दिसले तेवढेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा लागतो. पदवीवाचून ज्याला जागा नाकारली गेली, त्या माणसाने ही वही साठ-सत्तर वर्षे चालवली. तिची पुढची पाने कोरी राहू नयेत, एवढे तर आपल्या हाती आहे.